डब्याची मागची बाजू वाच

पुढची बाजू तुला तोंडपाठ आहे. ज्वाळांचं चित्र, बोटभर उंचीची अक्षरं, 'फॅट बर्नर', 'थर्मोजेनिक', 'कटिंग'. काउंटरवर आलेल्या पोराला तू ते घडाघडा म्हणून दाखवतोस. आता डबा उलटा कर आणि मागची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचून दाखव. एकेक घटक कुठून येतो, पोटात गेल्यावर काय करतो, किती घेतला तर बाधतो, ते सांग. सांगता येत नसेल, तर जे तुला स्वतःला समजलेलं नाही ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या हातात तू कोणत्या अधिकाराने देतोस, याचं उत्तर दे.

दुसऱ्या कुणा जिमवाल्याला मी एवढं बोलले नसते. तू माझ्या वर्गात बसलेला आहेस. अकरावीला श्वसनाचा धडा चालू असताना ग्लुकोजपासून एटीपीपर्यंतचा अख्खा मार्ग तू फळ्यावर न अडखळता मांडला होतास. ज्याला हे कधी शिकायलाच मिळालं नाही त्याची चूक मी समजून घेईन. तुला माहीत होतं, आणि डब्यामागचं कमिशन दिसल्यावर तू ते बाजूला सारलंस. माझा राग त्याबद्दल आहे.

पहिल्यापासून येऊ. चरबी जाते कुठे? तुझ्या जिममध्ये मी हे विचारलं तेव्हा एक ट्रेनर म्हणाला, घामातून. दुसरा म्हणाला, तिचे स्नायू होतात. तू म्हणालास, तिची ऊर्जा होते. तिन्ही उत्तरं चूक. रासायनिक क्रियेत वस्तुमान नाहीसं होत नाही हे तू शाळेत शिकलास. चरबीचा एक नमुन्याचा रेणू घे: ५५ कार्बन, १०४ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. तो जाळायला ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइडचे ५५ व पाण्याचे ५२ रेणू होतात. ऑस्ट्रेलियातल्या दोन अभ्यासकांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा हिशेब किलोंत मांडला. १० किलो चरबी पुरती जळली, तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून जाते, १.६ किलोचं पाणी होतं. त्यासाठी २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. तेव्हा चरबी घटायची तर ती पेशीत जळली पाहिजे, आणि ती जळण्याची वेळ शरीरावर तेव्हाच येते, जेव्हा खर्च खाण्यापेक्षा जास्त असतो. एक किलो शरीरचरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. हा आकडा वहीत लिही.

आता कॅफीन. तुझ्या जवळजवळ प्रत्येक डब्याचा खरा मालक हाच आहे. घेतल्यावर अंग गरम वाटतं, कानशिलं तापतात, झोप उडते, आणि पोरांना वाटतं चरबी वितळायला लागली. १०० मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे साधारण एक कप कॉफी, घेतल्यावर स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च अडीच तासांपर्यंत तीन ते चार टक्क्यांनी वाढतो, हे मोजलेलं आहे. कर गणित. दिवसभर पडून राहिलेल्या माणसाचा खर्च १,५०० किलोकॅलरी धर. अडीच तासांचे झाले १५६. त्याचे चार टक्के, सहा किलोकॅलरी. पोळीचा एक घास. ७,७०० ला सहाने भाग आणि एक किलोला किती वेळा घ्यावं लागेल ते बघ. त्यात शरीराला कॅफीनची सवय होते, म्हणजे तेवढंही टिकत नाही.

आणि मात्रेचं काय? निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, एका वेळी २०० च्या पुढे नको, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं. तुझ्या डब्यावर कॅफीन एकदा लिहिलंय. त्याच्याखाली ग्वाराना आहे, तेही कॅफीन. ग्रीन टी अर्क, त्यातही कॅफीन. ग्रीन कॉफी, त्यातही. आणि या सगळ्यांची मिळून एकच बेरीज 'प्रोप्रायटरी ब्लेंड' या नावाखाली दिली आहे. कुठला घटक किती, ते लिहिलेलंच नाही. जे मोजता येत नाही त्याचा 'एक स्कूप' तू कसा ठरवतोस? वर ती मुलं प्री-वर्कआउटचा दुसरा डबा घेतात, संध्याकाळी एनर्जी ड्रिंक पितात. ही बेरीज कधी केलीस का?

ग्रीन टी म्हटलं की तुला वाटतं इथे तरी बाईंना बोलायला जागा नाही. आहे. कपातला चहा वेगळा आणि कॅप्सूलमधला अर्क वेगळा. अर्कात ईजीसीजी नावाचं कॅटेचिन एकवटलेलं असतं. पूरक आहारातून ते दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, तर यकृताची एन्झाइमं रक्तात वाढलेली सापडतात, असं त्याच युरोपीय संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं. उपाशीपोटी घेतलं की ते जास्त शोषलं जातं. आणि तू मुलांना काय सांगतोस? 'सकाळी अनशापोटी घे, जास्त लागतं.' जास्त लागतं हे खरं आहे, ते यकृताला लागतं. वजनाचं म्हणशील, तर ग्रीन टीच्या सगळ्या चांगल्या चाचण्या एकत्र करून २०१२ साली कोक्रेन आढावा निघाला. वजनातला फरक इतका किरकोळ होता की त्याला वैद्यकीय अर्थ नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

एल-कार्निटीनमध्ये तू सगळ्यात जास्त पैसे मिळवतोस आणि तिथेच तुझ्या शिक्षणाचा सगळ्यात जास्त अपमान होतो. 'मॅडम, कार्निटीन चरबीला मायटोकॉन्ड्रियात नेतं.' नेतं. लांब साखळीची मेदाम्लं आत न्यायला ते लागतंच. पण ते तुझं यकृत आणि मूत्रपिंड लायसिन व मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून रोज तयार करतात. शाकाहारी माणसालाही त्याची तूट पडत नाही. गोळीतून घेतलेल्यापैकी पाचवा हिस्सासुद्धा आतड्यातून शोषला जात नाही. जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं, आणि न शोषलेल्याचं आतड्यातले जिवाणू दुसरंच रसायन करतात. नेणारे भरपूर आहेत. जाळायची गरजच निर्माण झालेली नाही, तर ते नेणार काय? खर्च वाढवल्याशिवाय वाहक वाढवून काही होत नाही, एवढा विचार बारावी विज्ञान झालेल्या माणसाला करता येऊ नये?

गार्सिनिया कॅम्बोजिया हे नाव तुला परदेशी वाटतं. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी म्हणजे हेच फळ. आपल्या कोकणातल्या रातांब्याच्याच कुळातलं. दोघांच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं. ते सायट्रेट लायेज या एन्झाइमला अडवतं. हे एन्झाइम साखरेपासून नवी चरबी बनवण्याच्या वाटेवर लागतं. उंदरांत ही वाट मोठी आहे, म्हणून उंदरांत परिणाम दिसला. माणूस साखरेपासून चरबी फार थोडी बनवतो. त्याच्या अंगावरची बहुतेक चरबी खाल्लेल्या तेला-तुपातूनच येऊन साठते. तेव्हा ते एन्झाइम अडवून हाती काय लागणार? १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. अर्ध्यांना अर्क, अर्ध्यांना खोटी गोळी. वजनात ठरवून सांगण्याजोगा फरक निघाला नाही. आमसूल घातलेलं सार प्यायला माझी काही हरकत नाही. एकवटलेला अर्क महिनोन् महिने घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

रास्पबेरी कीटोन, सीएलए, क्रोमियम पिकोलिनेट यांच्यावर मी वेळ घालवणार नाही. पहिल्याचं काम उंदरांत आणि काचेच्या नळीत झालं. दुसऱ्याने उंदीर बारीक होतात, माणसं होत नाहीत. तिसऱ्याने फार तर किलोभराचा फरक पडतो, आणि तोही सगळ्या चाचण्यांत दिसत नाही.

ग्रीन कॉफीवर मात्र थांबते, कारण त्यात आपला देश गुंतला आहे. २०१२ साली १६ जणांवरच्या एका चाचणीचा निबंध छापला गेला. चाचणी भारतात झाली होती. वजन झपाट्याने उतरल्याचे आकडे त्यात होते. अमेरिकेतला टीव्हीवरचा डॉक्टर मेहमत ऑझ याने ग्रीन कॉफीची तोंड भरून स्तुती केली आणि बाटल्या खपायला लागल्या. पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने चौकशी केली. चाचणी घेणाऱ्याने लोकांची वजनं वारंवार बदलली होती, चाचणीचा कालावधी बदलला होता, कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी याचीही अदलाबदल केली होती. अर्क विकणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि त्याच वर्षी निबंध मागे घेतला गेला. तुझ्या काउंटरवरच्या ग्रीन कॉफीच्या पत्रकावर 'क्लिनिकली प्रूव्हन' छापलं आहे. कुठली चाचणी, किती माणसं, कोणी पैसे दिले, हे विचारायला मी तुला शिकवलं होतं.

आता जे हृदयाला धरतं ते. बिटर ऑरेंज म्हणून लिहिलेलं असतं, आत सायनेफ्रिन असतं. त्याची रचना एफेड्रिनशी जुळते आणि ते ॲड्रेनॅलिनच्या वाटेने काम करतं. ते डब्यात का आलं ते ऐक. आधी तिथे माहुआंग, म्हणजे एफेड्रा, या वनस्पतीतलं एफेड्रिन होतं. २००३ च्या फेब्रुवारीत स्टीव्ह बेकलर हा २३ वर्षांचा अमेरिकन बेसबॉलपटू फ्लोरिडात सरावादरम्यान उष्माघाताने गेला. वजन उतरवायला तो एफेड्राची गोळी घेत होता, आणि तिचा मृत्यूला हातभार लागला असं शवचिकित्सकाने सांगितलं. पुढच्या वर्षी अमेरिकेने अशा पूरकांवर बंदी घातली. कंपन्यांनी तो घटक काढला, त्याच्या जागी सायनेफ्रिन घातलं आणि डबे पुन्हा मांडले. तुझ्याकडची पोरं उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडखाली, पाणी तोडून, हे कॅफीनबरोबर घेऊन ट्रेडमिलवर पळतात.

माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमधली एक मुलगी परवा काचपट्टी धरू शकत नव्हती. हात थरथरत होते. नाडी बघितली, मोजता मोजता मला घाम फुटला. दप्तरात तुझ्या जिमचं स्टिकर लावलेली बाटली होती. बहिणीच्या लग्नाआधी बारीक व्हायचं म्हणून घेत होती. तिचं वय तू विचारलंस का? थायरॉइड आहे का, रक्तदाब आहे का, पाळी नियमित आहे का, दम्याचं काही औषध चालू आहे का, यातलं काहीही विचारलंस का? ती गुबगुबीत आहे, आजारी नव्हती. तू तिला आजारी पाडत होतास.

तू म्हणशील, 'बाई, हर्बल आहे, नॅचरल आहे.' माहुआंगही वनस्पतीच होती. आणि हर्बल लिहिलेल्या डब्यात वनस्पतीच असते हे तुला कोणी सांगितलं? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ७७६ पूरकांत न लिहिलेली औषधं पकडली. त्यात वजन उतरवणारी ३१७ होती, आणि त्यातल्या बहुतेकांत सिब्युट्रामिन होतं. सिब्युट्रामिनने भूक मरते, वजन खरंच उतरतं. दहा हजारांवर रुग्णांच्या मोठ्या चाचणीत त्याने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात वाढलेले दिसले, म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेने ते काढून घेतलं, २०११ मध्ये भारताने बंदी घातली. एखादी 'आयुर्वेदिक' पुडी चार आठवड्यांत कमाल करते असं तुझं गिऱ्हाईक सांगतं, तेव्हा तू खूश होतोस. मला भीती वाटते.

'लायसन्स नंबर आहे.' एफएसएसएआयचा तो चौदा अंकी आकडा अन्नव्यवसायाच्या परवान्याचा आहे. डब्यातल्या मालाने चरबी जळते असं त्यात कोणी प्रमाणित केलेलं नाही. त्याच लेबलवर नियमाप्रमाणे 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. आणि तू भिंतीवर 'लठ्ठपणावर रामबाण' असा फलक लावला आहेस. औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे, आणि त्याच्या यादीत लठ्ठपणा नावानिशी आहे. तो फलक आज खाली उतरव.

'लोकांचं वजन उतरलंय.' पहिल्या आठवड्यात उतरतं ते पाणी. भात-पोळी तोडली की स्नायू आणि यकृतातलं ग्लायकोजेन संपतं आणि त्याच्याबरोबर धरलेलं पाणी जातं. कॅफीनने लघवी वाढते, तेही त्यात. काटा खाली येतो, चरबी जागच्या जागी असते. पुढे ज्याचं खरंच उतरतं तो तुझ्याच सांगण्यावरून तेलकट सोडून तासभर घाम गाळत असतो. श्रेय त्याच्या कष्टांचं, पैसे डब्याचे.

एक पदार्थ मात्र असा आहे जो शब्दशः चरबी जाळतो, आणि त्याची तुला माहिती हवीच, कारण पिवळ्या कॅप्सूल इंटरनेटवरून मागवणारी पोरं जगभर आहेत. डायनायट्रोफेनॉल, डीएनपी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत ते वापरत. कामगार घामाघूम होत, बारीक होत, काही तापाने मरत. १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ते वजन उतरवायला दिलं आणि वर्षभरात अमेरिकेत लाखभर लोकांनी ते घेतलं असा अंदाज आहे. काहींना मोतीबिंदू झाले, काही मेले. १९३८ च्या कायद्यानंतर ते तिथे माणसाच्या पोटात जाण्यालायक राहिलं नाही.

का मेले, हे तुला कळायला हवं. कोयनेची सहल आठव. शिवसागराचं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात पडतं, चक्रं फिरतात, वीज होते. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन तसेच साठवलेले असतात. एटीपी सिंथेजमधून ते परत येतात, तेव्हा एटीपी तयार होतं. डीएनपी त्या पडद्यातून प्रोटॉन परस्पर अलीकडे आणतं. चक्र फिरत नाही. पेशी एटीपीसाठी आणखी इंधन जाळते, आणखी जाळते, आणि ती सगळी ऊर्जा निव्वळ उष्णता होऊन अंगात कोंडते. हा ताप मेंदूने चढवलेला नसतो, त्यामुळे पॅरासिटामॉलने उतरत नाही. उतारा नाही. ब्रिटनने २०२३ मध्ये ते विषांच्या यादीत घातलं. चरबी जाळणारं रसायन मागणाऱ्या प्रत्येकाला तू हेच सांगायचंस: जे डब्यात उघडपणे विकलं जातं त्याने नाव घेण्यासारखं काही जळत नाही, आणि ज्याने जळतं त्याने माणूसही जातो.

वैद्यकात जी औषधं खरोखर उपयोगी ठरली आहेत तीसुद्धा चरबी जाळत नाहीत. ऑर्लिस्टॅट खाल्लेल्या स्निग्धाचा तिसरा हिस्सा आतड्यातच अडवतं. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइडची इंजेक्शनं भूक कमी करतात. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, तपासण्या करून, त्यांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. ज्याला लठ्ठपणाचा आजार आहे त्याला लाजवू नकोस आणि स्वतः उपचारही करू नकोस. डॉक्टरकडे पाठव. तुला जे येतं ते कमी नाही. बैठक कशी घालायची, पाठ न मोडता वजन कसं उचलायचं, श्वास कधी सोडायचा, हे तू उत्तम शिकवतोस. मी पाहिलं आहे. त्याची फी घे, वाढवून घे. ती तुझी हक्काची कमाई आहे.

आता काय करायचं ते सांगते, आणि यात घासाघीस चालणार नाही. फॅट बर्नरचे सगळे डबे काउंटरवरून काढायचे, कंपनी परत घेत नसेल तर तोटा सोसायचा. अठराच्या आतल्या कुणालाही कसलंही पूरक द्यायचं नाही. त्या मुलीच्या आई-वडिलांना तू स्वतः भेटून काय दिलंस ते सांगायचं. आणि ज्यांनी ज्यांनी तुझ्याकडून डबे नेले त्यांचे नंबर तुझ्या मोबाइलमध्ये आहेत, त्यांना आज रात्रीच निरोप पाठवायचा: घेणं थांबवा. छातीत धडधड, चक्कर असेल तर थेट दवाखान्यात जा. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना गेली, अंगाला खाज सुटली, यातलं काही असेल तर त्याच दिवशी यकृताची तपासणी करा. २००९ सालापर्यंत अमेरिकेत हायड्रॉक्सीकट नावाचे फॅट बर्नर घेणाऱ्यांत यकृत बिघडल्याच्या २३ तक्रारी आल्या, त्यात एक मृत्यू होता, तेव्हा कुठे त्याचे चौदा प्रकार बाजारातून परत घेतले गेले. नेमक्या कुठल्या घटकाने घात केला, हे इतक्या मिश्रणातून छातीठोकपणे सांगता आलं नाही.

निरोपात शेवटची ओळ ठळक लिही: डॉक्टरकडे जाताना डबा बरोबर न्या. 'काही औषध घेता का' असं विचारल्यावर लोक पावडरीचं नाव सांगत नाहीत, कारण ती औषध आहे असं त्यांना वाटतच नाही.